दिल्लीतलं अळणी मीठ

मी दुसरी इयत्ता शिकलो, तीही पुरी नाही. तेव्हा वाचणाऱ्यानं शुद्धलेखन तपासत बसू नये. दिल्लीहून आल्यापासून बेलपाड्यात मला कुणी धड चालू देत नाही. बांधावर निघालो की हाक येते, "जोमादादा, दिल्ली कशी हाय ती सांगा की." एकाला सांगून होतं तोवर दुसरा येतो, त्याला पुन्हा पहिल्यापासून. घसा बसला. शेवटी म्हटलं, एकदा लिहूनच ठेवावं. ज्याला येतं त्यानं वाचावं, ज्याला येत नाही त्यानं वाचून घ्यावं. आणि जो म्हणेल म्हाताऱ्यानं पदरचं घातलंय, त्यानं स्वतः जाऊन यावं.

माझा मुलगा नारायण दिल्लीच्या सरकारी छापखान्यात आहे. किती वर्षं बोलावत होता. मी म्हणायचो, दिल्लीचं माझ्यावाचून काय अडलंय? पण यंदा नाताळच्या सुट्टीआधी सुनेचा निरोप आला, "मामा, नातीला बघायला या. नायतर पुढं ती तुमाला वळखायची नाय." तेव्हा निघालो. मिठागराचे बांध नीट करून झाले होते, खाडीचं पाणी आत घ्यायला अजून अवकाश होता. बायकोला चल म्हटलं तर म्हणाली, "मी आले तर कोंबड्या कोन बघंल? तुमीच जा, आनि तिथं कुनाशी भांडू नका." बरोबर सुकट दिली, बोंबील दिले, तांदळाचं पीठ दिलं. आणि मी माझी मिठाची पिशवी घेतली. माणसानं परक्या गावचं पाणी प्यावं, अन्न खावं, पण मीठ आपलं असावं, असं माझं म्हणणं.

वाटेचं लिहीत नाही. मोटार, मग आगगाडी, मग आगगाडीच. पाय सुजले, एवढंच.

क्वार्टरात

ठेसनावर नारायण कोट घेऊन उभा होता. "घाला बाबा, थंडी हाय." मी म्हटलं, "मी काय सायब हाय? माझी घोंगडी हाय." टांगा थोडा पुढं गेला आणि माझे उरलेले दात एकमेकांवर आपटायला लागले. मग कोट घातला. थंडी वाजली म्हणून नव्हे, पोराचं मन मोडू नये म्हणून.

क्वार्टर म्हणजे एक खोली, पडवीएवढं स्वयंपाकघर आणि पुढं फरशीचं अंगण. दार उघडलं तर आत शेगडीजवळ, माझ्या मुलाच्या घरात, माझ्या नातीला मांडीवर घेऊन, रजईत गुरफटून कोण बसलेलं? हसुराम. माझा व्याही. सुनेचा बाप. मी उंबऱ्यातच थांबलो. तोही रजईतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

इथं हसुरामचं सांगायला हवं. तो आमच्यातलाच, आगरी. त्याचा बाप जन्मभर मिठागरात राबला. पण यानं पनवेलच्या बाजारात किराण्याचं दुकान टाकलं आणि पायाला चिखल लागू देईना. लग्न छान झालं, मानपान झाला. महिन्याभरानं मी पहिल्यांदा व्याही म्हणून त्याच्या दुकानी गेलो. दुकानाच्या तोंडाशीच मिठाचं पोतं उघडं. बघतो तर गुजरातचं मीठ. पांढरंफेक, साखरेसारखं. मी विचारलं, "व्याही, आपलं कुठं हाय?"

तो म्हणाला, "गिऱ्हाईक पांढरं मागतं, दादा. आपलं काळपट दिसतं."

मी म्हटलं, "काळ्याची सोयरीक चालते, काळ्याचं मीठ चालत नाय?" पुढ्यातला चहा तसाच ठेवून उठलो आणि चार माणसांत सांगितलं, "ह्या दुकानात माझं मीठ लागंल तवा बोलंन. तवर नाय." त्यानंही त्याच चार माणसांत सांगितलं, "मग मी पन आधी तोंड उघडायचा नाय." त्याला तीन वर्षं झाली होती.

आता तो माझ्यासमोर, दिल्लीत. मी नारायणकडं बघितलं. नारायण शेगडीतले विझलेले कोळसे हलवत होता. सुशीला, म्हणजे माझी सून, पदर खोचून मध्ये उभी राहिली.

"मीच दोघांना बोलावलंय," ती म्हणाली. "एकमेकांचं कळलं असतं तर एक पन आला नसता. ही पोर दहा महिन्यांची झाली, हिचं बारसं राहिलंय. मामा, तुमी म्हनता तुमच्या आईचं नाव ठेवा, ठमा. दादा, तुमी म्हनता शशिकला ठेवा. एकाचं ठेवलं तर दुसरा माझ्या दारात येनार नाय, मला ठावं हाय. म्हनून ही अजून नुसती बाळी. तर ऐका. तुमी दोघं ज्या दिवशी एकमेकांशी बोलाल त्या दिवशी बारसं. नाय बोललात तर सुट्टी संपल्यावर आपापल्या गाडीनं जा. ही बाळी म्हनूनच शाळेत जाईल."

पोरगी बापावर गेलीय, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, सासऱ्यावर गेलीय.

पण म्हाताऱ्यांना सगळ्यातून वाट सापडते. जे सांगायचं ते आम्ही बाळीला सांगायला लागलो. मी म्हणायचो, "बाळे, तुझ्या पनवेलच्या आज्याला सांग, रजई एकच हाय, सगळी आपल्याकडं वढू नको." तो म्हणायचा, "बाळे, तुझ्या बेलपाड्याच्या आज्याला सांग, रजई आधी येनाऱ्याची." बाळी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायची आणि लाळ गाळत हसायची. निरोप मात्र बरोबर पोचायचे.

लाल किल्ला, मशीद आणि गोल इमारत

दिल्लीच्या रस्त्यांबद्दल पहिलं सांगतो. पनवेलच्या बाजारात समोरून बैलगाडी आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढतो. दिल्लीत नव्या भागात रस्ता एवढा रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर तो ओ द्यायच्या आत दमेल. आणि दुतर्फा झाडं, एका उंचीची, कुणीतरी मांडून ठेवल्यासारखी. एवढी जागा मोकळी सोडायला छाती लागते. आपल्याकडं दोन हात जागा रिकामी दिसली की कुणीतरी कुंपण घालतो.

लाल किल्ल्यात लोक सिंहासनाची जागा बघत होते. मी खाली बघत होतो. तिथल्या संगमरवरी महालांतून पाण्याचा एक पाट गेला आहे. आता कोरडा आहे, पण एका दालनातून दुसऱ्यात सरळ जातो. मी उकिडवा बसलो, गाल दगडाला लावला आणि एका डोळ्यानं त्याचा उतार बघितला. पाणी पळायला नको आणि साचायलाही नको, एवढाच उतार. आम्ही मिठाचे वाफे करतो तेव्हा तळ पायानं तुडवून तुडवून असाच उतार आणतो, आणि तरी दर वर्षी कुठंतरी चूक राहते. इथं दगडात चूक नाही. ज्या कारागिरानं हे केलं त्याला मी बसल्या जागी हात जोडले. राजाला नाही जोडले.

हसुराम मागून म्हणाला, "बाळे, तुझा आजा राजाच्या महालात येऊन गटार बघतोय."

मी म्हटलं, "बाळे, ज्याच्या बापानं जन्मभर असाच उतार केला त्याला हे गटार वाटतंय. कलियुग हाय."

मी पुढं गेल्यावर तोही उकिडवा बसून एक डोळा मिटून बघत होता, ते मी खांबाआडून बघितलं.

पनवेलच्या मोहल्ल्यातला उस्मानभाई माझा जुना दोस्त. त्याचे वाडवडील गलबतांतून आमचं मीठ न्यायचे. त्यानं निघताना सांगितलं होतं, "जोमा, जामा मशीद बघशील तेव्हा माझ्या वाटणीचं पण बघ." म्हणून मी ती दोनदा बघितली. पायऱ्या चढून एकदा माझ्यासाठी, मग खाली उतरून पुन्हा चढून त्याच्यासाठी. गुडघे बोलायला लागले, पण दुसऱ्या खेपेलाही ती तेवढीच मोठी दिसली. आतल्या चौकात कबुतरं, ऊन आणि हौदाशी बसलेली म्हातारी माणसं. कुणी मला कोण, कुठला विचारलं नाही. पायातलं काढलं, बसलो, उठलो.

देशाचे कायदे जिथं होतात ती इमारत बाहेरूनच बघितली. गोल आहे, चारी बाजूंनी खांब. मला ती फार आवडली. मी बाळीला म्हटलं, "बघ, हिला कोपराच नाय. कुनी कोपऱ्यात जाऊन रुसून बसू शकनार नाय."

हसुराम म्हणाला, "बाळे, रुसनारा भिंतीकडं तोंड करून पन बसतो."

टांगेवाल्याला मराठी कळत नव्हतं, तरी तो हसला.

शेजारणीच्या अंगणात

दिल्लीची थंडी ही सकाळ-संध्याकाळची वैरीण आणि दुपारची मैत्रीण. दुपारी सगळी दिल्ली उन्हात खाट टाकून बसते. बायका विणतात, पुरुष मुळे खातात, पोरं उसाचे तुकडे चघळतात. आपल्याकडं उन्हात बसलेल्याला लोक वेडा म्हणतील. तिथं सावलीत बसलेला वेडा.

शेजारी करतारकौर नावाची पंजाबी बाई राहायची. साठीची, धिप्पाड, आवाज असा की हाक मारली तर आमच्या खाडीपलीकडं ऐकू जावी. एका दुपारी मी अंगणात सुकट भाजायला घेतली. मला वाटलं, आता शेजारपाजार भांडायला येणार. आली ती करतारकौर, ओढणी नाकाला लावून.

"बाबाजी, ये क्या जला दिया?"

मी म्हटलं, "जलाया नहीं. हमारा मेवा है."

ती एवढी हसली की खाट हलली. सुकट काही तिनं खाल्ली नाही, पण तिच्याकडून मक्याच्या भाकऱ्या आल्या, मोहरीच्या पाल्याची भाजी आली आणि वर लोण्याचा असा गोळा की आपल्याकडं तेवढ्यात अख्ख्या आळीचा गोपाळकाला होईल. मक्याची भाकरी आपल्या तांदळाच्या भाकरीची थोरली बहीण. अंगानं जाड, पण मनानं चांगली. आणि तिथली गाजरं लाल असतात, त्यांचा दुधात आटवून हलवा करतात. तो मी तीनदा मागून घेतला. हसुराम बाळीला म्हणाला, "तुझा आजा परमुलखाचं अन्न खात नाय म्हनत होता ना ग?" मी म्हटलं, "अन्नाचं नव्हतो म्हनत, मिठाचं म्हनत होतो."

मीठ म्हणजे नमक हे सुशीलानं सांगताच करतारकौर उठून आत गेली आणि फडक्यात बांधलेला एक खडा घेऊन आली. तांबूस, काचेसारखा. म्हणाली, "हमारे उधर नमक पहाड़ से निकलता है." हसुरामनं लगेच ओळखलं, त्याच्या दुकानात तेच शेंदेलोण म्हणून औषधाला मिळतं. पण डोंगरातून मीठ खणतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. फाळणीत तिनं घर सोडलं तेव्हा हाताला लागलं ते बांधलं, त्यात हा खडा आला. "खाती नहीं," ती म्हणाली, "रखा है."

लोक सोडलेल्या घराची किल्ली जपतात, ही मीठ जपते. मला ते पटलं. मी माझी पिशवी उघडून तिच्या ओंजळीत आमचं मीठ ओतलं. तिनं विचारलं हे कुठून निघतं. मी माझ्या हिंदीत सांगितलं, "पानी समुंदर का, काम सूरज का, और पाँव हमारा." तिनं एक खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "तगड़ा है." मी हसुरामकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

"बाळे," तो म्हणाला, "तुझ्या आज्याचं मीठ दिल्लीत खपलं बघ. फुकट."

असे दिवस चालले. दिल्ली बघून संपत आली, पण बोलणं काही होईना. सुशीला रोज संध्याकाळी विचारायची, "काय, झालं का?" आम्ही दोघं शेगडीत बघायचो. मग ती विचारायचीही थांबली. एकदा बाळीला घेऊन उठताना तिचे डोळे ओले दिसले. मला आत कुठंतरी टोचलं. पण शब्द चार माणसांत दिलेला. तो चार माणसांतून परत कसा घ्यायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कुतुब

निघायच्या दोन दिवस आधी कुतुबमिनारला गेलो. नारायणनं उजाडायच्या आधी बसमध्ये घातलं. तिथं पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. नारायण चहा बघायला गेला. सुशीला बाळीला शालीत गुंडाळून दगडावर बसली. मिनार धुक्यात अर्धाच दिसत होता. मी जरा बाजूला शेताच्या बांधावर गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

जमीन पांढरी झाली होती.

गवतावर, ढेकळांवर, बांधाच्या कडेनं पांढरी कणी आली होती. हंगाम सुरू झाला की पहाटे आमच्या मिठागरात अशीच मिठाची पहिली साय धरते. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. समुद्रापासून एवढ्या दूर, दिल्लीत, मीठ उतरलं! आणि आमच्यात रीत अशी, की वर्षाचं पहिलं मीठ दिसलं की घरच्या कर्त्यानं आधी ते जिभेवर ठेवायचं, मग बाकीच्यांनी हात लावायचा. माझ्या बापानं तेच केलं, मीही तेच करतो. मी गुडघ्यावर बसलो, बोटानं कणी उचलली आणि जिभेवर ठेवली.

थंडगार पाणी. चवच नाही.

"अळणी!" मी म्हटलं.

"अळणी!" कुणीतरी बाजूनं म्हटलं.

मान वळवून बघितलं. चार हातांवर, बांधाच्या पलीकडल्या अंगाला, हसुराम गुडघ्यावर. कोटाला गवत चिकटलेलं, बोट तोंडात. तीन पिढ्यांची सवय. किराणा दुकान टाकलं म्हणून जीभ थोडीच विसरते.

आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो.

"तू आधी बोललास," मी म्हटलं.

"हॅट! आधी तू. मी मागनं."

"मी सोताशी बोललो."

"मग मी काय मिनाराशी बोललो?"

मागून सुशीलाचा आवाज आला, "आनि आता बोलताय ते कोनाशी?"

मग हसुरामच्या पोटातून काहीतरी फुटलं. तो हसायला लागला, मीही हसायला लागलो. हसता हसता उठता येईना, तेव्हा त्यानं हात दिला, मग त्यालाही उठता येईना म्हणून मी दिला. शेवटी बांधाला धरूनच दोघे उठलो. चहावाला धावत आला, त्याला वाटलं म्हातारे पडले. काय झालं कळल्यावर म्हणाला, "अरे बाबा, ये तो पाला है. रात की ओस जम जाती है." म्हणजे दंव गोठतं. दंव गोठताना आम्ही जन्मात बघितलं नव्हतं.

मिनाराबद्दल काय सांगू? मान मोडेपर्यंत वर बघितलं, तरी शेंडा राहिलाच. पण मला त्याच्याजवळचा लोखंडी खांब जास्त आवडला. शेकडो वर्षं उघड्यावर उभा, आणि गंज नाही. आमच्या उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत सोडायच्या दाराच्या, लोखंडी पट्ट्या दोन पावसाळ्यांत पापडासारख्या हातात येतात.

मी म्हटलं, "व्याही, हे काम बघ."

हसुराम म्हणाला, "हितं खारं वारं नाय. बेलपाड्यात आनून उभा कर, मग बघू."

"बेलपाड्यात पन टिकंल."

"नाय टिकनार."

परतीच्या बसमध्ये आमचा हाच वाद. तीन वर्षांचं बोलणं साठलं होतं, ते खांबावर निघालं.

बारसं

दुसऱ्याच दिवशी बारसं. माझी मुलगी गावाकडं, तेव्हा आत्या कोण? करतारकौर म्हणाली, "बुआ मैं." पाळणा शेजारच्या क्वार्टरातून आला. आता नाव. मी खाकरलो आणि म्हटलं, "व्याही, शशिकलाच ठेवू. तुझ्या मनासारखं होऊ दे."

हसुराम म्हणाला, "नाय नाय. तुझ्या आईचं नाव. ठमाच ठेवायचं."

"मी सांगतो ना, शशिकला."

"मी सुशीलाचा बाप हाय, ठमा!"

"मी घरचा कर्ता हाय, शशिकला!"

आवाज वाढला. नारायण म्हणाला, "आता हे कशावरून बोलनं तोडनार कोन जाने." सुशीलानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं करतारकौरच्या कानात काहीतरी सांगितलं, करतारकौरनं वाकून बाळीच्या कानात सांगितलं. आपल्यात नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत धपाटा घालतात. सुशीलानं हळूच घातला. करतारकौरला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. ती गर्रकन वळली. "मारती क्यों है?" आणि तिनं परत एक घातला, पंजाबी मापाचा. सुशीला पाळण्यावर जाता जाता राहिली. मग रीत समजावून सांगितली, तेव्हा करतारकौर म्हणाली, मग एकच का, आणखी घाला.

नाव ठेवलं यमुना.

मी म्हटलं, चांगलं जुनं नाव, आमच्या घरात पूर्वी एक यमुना होती. हसुराम म्हणाला, चांगलं नवं नाव, खुद्द दिल्लीच्या नदीचं. दोघांनाही आपलं खरं झाल्यासारखं वाटलं आणि दोघांनी हलवा खाल्ला. त्या दिवशीच्या भाजीला मीठ माझ्या पिशवीतलं होतं. ते मी स्वतः घातलं.

पनवेल

आम्ही एकाच गाडीनं परत आलो. पुढं आगरात पाणी घेतलं, उन्हं चढली, वाफ्यांवर साय धरली. पहिलं मीठ मी जिभेवर ठेवलं. खरं निघालं. एक पोतं भरलं आणि गाडीत घालून पनवेलच्या बाजारात नेलं.

हसुरामनं पोतं दुकानाच्या तोंडाशी, पायरीजवळ मांडून घेतलं. तोंड दुमडून, वर लाकडी माप खोवून. बाजारातली ती चार माणसं बघायला आली होतीच. त्यानं चहा मागवला. मी आत बसलो, आणि मग मला दिसलं. तेलाच्या डब्यामागं, गोणपाटाखाली झाकलेलं, गुजरातचं पोतं.

हसुराम माझ्याकडं बघत होता. पोत्यातलं माप उपसून हातात तसंच धरून.

मी उठलो. गोणपाट बाजूला केलं, चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली.

"काय?" हसुरामनं विचारलं.

"खारट हाय," मी म्हटलं, आणि बसून चहा प्यायलो.